रक्त प्यायलेल्या ढेकणासारखा दिसतो, पण ढेकूण नाही! घरातला ‘स्पायडर बीटल’ ओळखायचा कसा?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतो. पांढऱ्या फरशीवर टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा, लालसर तपकिरी, टम्म फुगलेला, चकचकीत किडा. खाली प्रश्न असतो, “हा ढेकूण आहे का?” पाच मिनिटांत तीन उत्तरं येतात. एकाच्या मते ढेकूण, दुसऱ्याच्या मते गोचीड, तिसऱ्याला ते कोळ्याचं पिल्लू वाटतं. संध्याकाळपर्यंत गाद्या गच्चीत गेलेल्या असतात आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोनही झालेला असतो.

तो खरंच ढेकूण असेल तर ही धावपळ योग्यच. पण तो या तिघांपैकी कोणीच नसण्याचीही बरीच शक्यता असते. ‘स्पायडर बीटल’ नावाचा भुंगेऱ्यांचा एक गट आहे. हे किडे माणसाचं रक्त पीत नाहीत, चावत नाहीत आणि गादीशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. गादीवर फवारलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. पैसे जातात, औषधाचा वास घरातल्यांच्या नाकात जातो आणि आठ दिवसांनी किडा पुन्हा त्याच कोपऱ्यात हजर होतो.

नाव कोळ्याचं, जात भुंगेऱ्याची

मराठीत या किड्याला सगळीकडे चालणारं असं नाव नाही. ‘कोळी भुंगेरा’ म्हटलं तर गोष्ट बरोबर कळते. गोल पोट आणि लांब, बारीक पाय यामुळे लांबून तो कोळ्यासारखा दिसतो, एवढंच काय ते नातं. प्रत्यक्षात तो पक्का भुंगेरा आहे, म्हणजे पुढचे दोन पंख कडक होऊन पाठीवर कवच झालेला कीटक. तांदळातले सोंडे किंवा मुगातले भुंगेरे ज्या मोठ्या गणात मोडतात, त्यातच हाही मोडतो.

त्याचं कुळ ‘टायनिडी’. याच कुळातले दोन भाऊबंद मराठी घरांना चांगलेच माहीत आहेत, फक्त नावाने नाहीत. हळद, धणेपूड, लाल तिखट बरेच महिने डब्यात राहिलं की त्यात बारीक तपकिरी किडे होतात, ते बहुतेक वेळा ‘सिगारेट बीटल’ किंवा ‘ड्रगस्टोअर बीटल’ असतात. पहिल्याचं नाव तंबाखूवरून पडलं, दुसऱ्याचं औषधांच्या दुकानातल्या वाळलेल्या मुळ्या-पानांवरून. हे दोघे उडतात आणि दिव्याकडे येतात. कोळी भुंगेऱ्याच्या भारतासारख्या उष्ण हवेत आढळणाऱ्या जातींना मात्र उडताच येत नाही, कारण त्यांच्या पाठीवरचं कवच एकसंध जोडलेलं असतं.

आधी पाय मोजा

ओळख पटवण्यासाठी भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेराही पुरतो. किडा काचेच्या छोट्या बाटलीत घ्या. एक फोटो वरून काढा आणि एक बाजूने. ग्रुपवर येणारे बहुतेक फोटो फक्त वरून काढलेले असतात, आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

पहिली खूण पायांची. कोळी आणि गोचीड यांना आठ पाय असतात (गोचिडीच्या अगदी लहान पिल्लांना सहा), आणि दोघांनाही मिशा नसतात. कोळी भुंगेऱ्याला पाय सहाच, पण त्याच्या दोन मिशा इतक्या लांब आणि जाड असतात की नुसत्या डोळ्यांना ती पायांची चौथी जोडी वाटते. म्हणून आठ मोजले तरी थांबा. सर्वांत पुढची जोडी जमिनीवर टेकते की हवेत हलते ते पाहा. हवेत हलत असेल तर त्या मिशा आहेत.

दुसरी खूण शरीराच्या आकाराची, आणि ढेकणापासून वेगळं ओळखायला तीच सर्वांत उपयोगी. उपाशी ढेकूण बाजूने पाहिला तर कागदासारखा चपटा असतो, म्हणून तर तो पलंगाच्या फटीत सहज शिरतो. रक्त प्यायल्यावर तो फुगतो, पण तेव्हा लांबट होतो आणि त्याच्या पोटावरच्या आडव्या वळ्या स्पष्ट दिसतात. कोळी भुंगेरा उपाशी असो की पोट भरलेला, कायम गोलच. बाजूने पाहिलं तर उंच घुमट दिसतो, डोकं खाली वाकून अंगाखाली लपलेलं असतं आणि पाठ एकसंध, गुळगुळीत, मण्यासारखी असते. काही जातींचं कवच इतकं चमकतं की आत रक्त भरलंय असाच भास होतो. सगळा गैरसमज या एका भासातून सुरू होतो.

तिसरी खूण किड्यावर नाही, खोलीत शोधायची. ढेकणांचा वावर असेल तर गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात काळे ठिपके, टाकलेल्या कातीची टरफलं आणि चादरीवर रक्ताचे डाग सापडतात. ढेकूण चिरडल्यावर येणारा उग्र वासही जुन्या चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. यातलं काहीच नसेल आणि किडे गादीऐवजी बाथरूममध्ये, बेसिनमध्ये किंवा माळ्याखाली दिसत असतील, तर ढेकणाचा संशय सोडून द्यायला हरकत नाही. अंगावर पुरळ येत असेल तर त्याचं कारण मात्र वेगळं शोधावं लागेल, कारण ते या किड्याचं काम नाही.

स्वयंपाकघरातल्या इतर किड्यांशी गल्लत कमी होते. सोंड्याच्या तोंडाला पुढे खरोखरीची सोंड असते. पिठातला तांबडा भुंगेरा लांबट आणि चपटा असतो. चवळी-मुगाच्या दाण्याला गोल भोक पडलं असेल तर तो कडधान्यातला भुंगेरा. यांपैकी कोणाचेही पाय कोळ्यासारखे लांब नसतात.

सगळे एकसारखे नसतात

उष्ण प्रदेशात भेटणारा प्रमुख प्रकार म्हणजे ‘गिबियम’. दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा, गडद लालसर, पाठीवर एकही केस नसलेला आणि आरशासारखा चकचकीत. पाय आणि मिशा मात्र पिवळसर लवेने झाकलेल्या असतात. रक्त प्यायलेल्या ढेकणाची हुबेहूब नक्कल तो हाच. ‘मेझियम’ जवळपास तेवढाच, त्याची पाठही चमकदार, पण डोकं, छाती आणि पाय फिकट पिवळ्या दाट लवेने भरलेले. लोकरीचा स्वेटर घातल्यासारखा तो दिसतो.

थंड देशांत ‘टायनस’ गटातल्या जाती जास्त दिसतात. त्या तपकिरी, केसाळ, थोड्या लांबट असतात आणि इतर किडे गारठून पडतात त्या तापमानातही हिंडतात. ब्रिटन किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना घराच्या छताखालच्या पोकळीत हिवाळ्यात किडे दिसले, तर ते बहुधा याच गटातले असतात. या गटातल्या ‘टायनस क्लॅव्हिपेस’ या जातीची एक चमत्कारिक गोष्ट ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९५० च्या दशकात उलगडली. तिचा एक प्रकार फक्त माद्यांचा आहे. त्यांना अंड्यांची वाढ सुरू होण्यापुरता नराचा संग लागतो, पण पिल्लांमध्ये नराचा अंश उतरत नाही. होतात त्या पुन्हा माद्याच.

माणसाच्या साठवणीशी या किड्यांची ओळख फार जुनी आहे. हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ मध्ये इजिप्तच्या तुतनखामुन राजाचं थडगं शोधलं. तीन हजारांहून जास्त वर्षं बंद असलेल्या त्या थडग्यातल्या वस्तूंमधून कीटकांचे अवशेष मिळाले आणि त्यांत गिबियमही होता. राजाच्या परलोकप्रवासासाठी ठेवलेल्या शिदोरीवर या पाहुण्याने आधीच हात मारला होता, असं म्हणायला हरकत नाही.

तो खातो काय? खरा प्रश्न हाच

सोंडे धान्यावर जगतात, ढेकूण रक्तावर. कोळी भुंगेऱ्याचं तसं ठरलेलं काही नसतं. तो सफाई कामगार आहे. इतरांनी टाकलेलं, सांडलेलं, वाळलेलं, मेलेलं जे काही मिळेल ते तो खातो. धान्य, पीठ, पाव, सुकी मासळी, वाळलेली मिरची, आलं, खजूर, पाळीव प्राण्यांचं खाद्य ही झाली स्वयंपाकघरातली यादी. त्याच्या पलीकडे पिसं, केस, लोकर, चामडं, मेलेले किडे, उंदरांच्या लेंड्या, वटवाघळांची विष्ठा हेही त्याला चालतं. पक्ष्यांचं जुनं घरटं म्हणजे तर त्याच्यासाठी भरलेलं ताटच.

म्हणूनच घरात हा किडा दिसणं ही स्वतंत्र अडचण कमी आणि निरोप जास्त असतो. जवळपास कुठेतरी काहीतरी बऱ्याच दिवसांपासून पडून आहे, असा तो निरोप. खिडकीवरच्या एसीमागे कबुतराने केलेलं घरटं असेल. फॉल्स सीलिंगमध्ये मेलेला उंदीर असेल. माळ्यावर दोन वर्षांपूर्वी ठेवलेलं गव्हाचं पोतं, सुकटीची विसरलेली पिशवी, जुन्या पिसांची उशी किंवा गेल्या वर्षी गेलेल्या पोपटाच्या खाण्याचा डबाही असू शकतो. कौलारू घरात वळचणीची घरटी आणि लाकडी पोटमाळ्यावरचा उंदरांचा कचरा आधी पाहावा.

बाथरूममध्ये आणि सिंकमध्ये तो का दिसतो, याचं उत्तरही साधं आहे. हे किडे अंधारात हिंडतात. छताच्या किंवा पाइपच्या फटीतून बाहेर पडतात, गुळगुळीत चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात पडतात आणि त्यांना वर चढता येत नाही. सकाळी ते तिथे दिसतात म्हणून लोक ड्रेनेजमध्ये औषध ओततात. किडा गटारातून आलेला नसतो, वरून पडलेला असतो. हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंगही घेतो, त्यामुळे ‘औषधाने मेला’ असा समज होऊन आणखी एक बाटली विकत आणली जाते.

मादी खाद्याजवळच अंडी घालते. त्यातून निघणारी अळी पांढरट, जाडसर आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली असते. पूर्ण वाढ झाल्यावर ती आसपासचा भुसा वापरून छोटा कोष बांधते. त्यासाठी जागा शोधताना पुठ्ठ्याला, पोत्याला, कधी मऊ लाकडालाही भोक पाडते. अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण तीन-चार महिने लागतात, थंडीत जास्त. प्रौढ किडे त्यानंतरही महिनोन्‌महिने जगतात. गिबियम आणि मेझियमच्या अंगातलं पाणी फार हळू कमी होतं, त्यामुळे रिकाम्या, कोरड्या खोलीतही ते तग धरतात. बंद असलेल्या गावच्या घरात सुट्टीत गेल्यावर ते भेटतात, त्यामागचं कारण हेच.

उगम शोधण्याची सोपी युक्ती

घर उपसण्याआधी चिकट सापळे लावा. उंदरांसाठी नव्हे, झुरळांसाठी मिळणारे लहान, कागदी सापळे पुरेसे आहेत. प्रत्येक खोलीत भिंतीला लागून एकेक ठेवा, कपाटाखाली, माळ्यावर, एसीजवळ आणि बाथरूमच्या दाराशीही ठेवा. प्रत्येकावर तारीख लिहा. हा किडा उडत नाही, चालत येतो, म्हणून ज्या सापळ्यात सर्वांत जास्त सापडतील त्याच्या जवळपासच उगम असतो. आठवड्याने त्या भागात सापळे दाट लावले की शोध आणखी आवळता येतो. पेस्ट कंट्रोलचा चांगला माणूसही फवारणीचा पंप उचलण्याआधी हेच करतो. जो माणूस किडा न पाहता थेट दर सांगतो, त्याच्याबद्दल थोडा विचार करावा.

उगम सापडला की तो उचलून टाकणं हाच इलाज. कबुतराच्या घरट्याला हात लावण्याआधी मास्क आणि हातमोजे घाला आणि विष्ठेवर पाणी शिंपडा, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना त्रास देते. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबणं बरं. कचरा दोन पिशव्यांत बांधून लगेच घराबाहेर न्या. नंतर फटी, कपाटाचे कोपरे आणि माळा व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने साफ करा.

खाण्याच्या वस्तूत किडे सापडले तर ती वस्तू टाकणं उत्तम. शंका असलेली, पण चांगली दिसणारी पाकिटं आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवली तर अंडी-अळ्यांसह सगळं मरतं. मे महिन्यातल्या कडक उन्हात पातळ पसरलेल्या धान्यातले किडेही मरतात किंवा पळतात, म्हणून आजीच्या वाळवणाला आजही तोड नाही. मात्र धान्य परत भरण्याआधी डबाही उन्हात तापलेला हवा, नाहीतर कडेच्या खाचेतल्या अळ्या स्वागताला तयार असतात. डाळींना एरंडेल चोळण्याची पद्धत कडधान्यातल्या भुंगेऱ्यांसाठी चांगली आहे. पण कोळी भुंगेऱ्याचं ठाणं एसीमागच्या घरट्यात असेल, तर डब्यातल्या एरंडेलाचा किंवा कडुलिंबाच्या पाल्याचा त्याला काय फरक पडणार?

धान्यात ठेवायच्या गोळ्या घरात नकोत

किडा न ओळखता केलेल्या उपायांत सर्वांत घातक उपाय एकच. धान्याच्या कोठीत ठेवण्यासाठी काही ठिकाणी राखाडी गोळ्या सुट्या विकल्या जातात. ‘पाव किलो धान्याला नाही, क्विंटलला एक’ असं सांगून त्या दिल्या जातात आणि लोक त्या घरातल्या पिंपात, माळ्यावर, क्वचित पलंगाच्या बॉक्समध्येही ठेवतात. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो, दाराखालून आणि भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत शिरतो आणि झोपलेल्या माणसांना कळतही नाही. त्याच्यावर उतारा नाही.

विषबाधेची सुरुवात मळमळ, उलटी, डोकेदुखी, छातीत दडपण अशी होते, म्हणून ती बऱ्याचदा ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं’ यावर जाते आणि मौल्यवान वेळ निघून जातो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येऊ शकतो, पण वास येत नाही म्हणजे वायू नाही असं समजू नये. भारतात या रसायनाची विक्री फक्त सरकारी यंत्रणांना आणि प्रशिक्षित कीटकनियंत्रकांना करायची असा नियम आहे. माणसं राहत असलेल्या घरात ते वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

अशा गोळ्या घरात आधीच ठेवलेल्या असतील तर त्यांवर पाणी टाकू नका, त्याने वायू आणखी जोरात सुटतो. हाताने उचलूही नका. सगळ्यांना बाहेर काढा, जाता जाता दारं-खिडक्या उघडा, शेजाऱ्यांना सांगा आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करा. कोणाला मळमळ किंवा धाप लागत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि ‘धान्याच्या गोळ्या’ हे शब्द फोनवरच सांगा. डॉक्टरांना पुढची दिशा त्यावरूनच मिळते.

उगम काढून टाकल्यानंतरही पुढचे काही आठवडे एखाद-दुसरा कोळी भुंगेरा दिसत राहील. ते फटींत उरलेले प्रौढ किडे किंवा कोषातून उशिरा निघालेले असतात. सापळे तसेच राहू द्या आणि दर आठवड्याला आकडा लिहा. आकडा उतरत असेल तर काहीही करू नका. दोन-तीन महिन्यांनीही तो तेवढाच राहिला, तर उगम एकाहून जास्त आहेत किंवा तो वरच्या मजल्यावर, सामायिक डक्टमध्ये आहे. मग बाटलीतला किडा घेऊन सोसायटीच्या बैठकीत जायची वेळ आली.